सशिणीचं पहिलं वेत: भरवण्यापासून पिल्लं तोडेपर्यंत

सशीण व्याली की पहिल्यांदाच ससे पाळणाऱ्याला एकच काळजी लागते: आई पिल्लांजवळ बसत का नाही? शेळी करडाला चाटत उभी राहते, कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते. सशीण मात्र पिल्लं पेटीत घालते, वरून केस पांघरते आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन वैरण खात बसते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, हिनं पिल्लं टाकली. लगेच कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजणं सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत चांगली धडधाकट पिल्लं दगावतात.

सशिणीनं पिल्लं टाकलेली नसतात. ती दिवसातून एकदाच, फार तर दोनदा, आणि तेही बहुतेक रात्री किंवा पहाटे दूध पाजते. एक पाजणं तीन ते पाच मिनिटांत उरकतं, त्यामुळे आपल्याला ते दिसतच नाही. एवढ्यात भागतं, कारण सशिणीचं दूध फार दाट असतं. गाईच्या दुधात चरबी साडेतीन-चार टक्के असते, सशिणीच्या दुधात ती बारा टक्क्यांच्या आसपास असते आणि प्रथिनंही गाईच्या दुधाच्या तिपटीच्या घरात जातात. हा प्राणी मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बीळ करून राहणारा. आई सारखी बिळाशी दिसली तर तिच्या वासावर शिकारी येतो. म्हणून पाजायचं, बिळाचं तोंड झाकायचं आणि लांब राहायचं, ही त्याची रीत. पिंजऱ्यातली सशीणही तेच करते.

म्हणजे आपलं काम दूध पाजण्याचं नाही. पेटी कोरडी, उबदार आणि शांत ठेवायची, आणि दिवसातून एकदा पिल्लांची पोटं बघायची. बाकीची सगळी तयारी ह्या दोन गोष्टींसाठीच असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बेळगावजवळच्या खानापूर, चंदगडच्या बाजूला शेतात, गवतात रानसशाची पिल्लं सापडतात आणि लोक ती घरी घेऊन येतात. रानससा आणि पाळीव ससा ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. रानसशाचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतं. पाळीव सशाचं पिल्लू उघडंनागडं, आंधळं आणि बहिरं असतं. दोघांचा संकर होत नाही. रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडणं, घरी पाळणं गुन्हा आहे. गवत कापताना असं पिल्लू दिसलं तर त्याला तिथंच राहू द्यावं. त्याची आईही दिवसा जवळ बसत नाही, संध्याकाळी येते.

जोडी निवडताना आणि वेळ ठरवताना

आपल्याकडे पाळायला मिळणाऱ्या मोठ्या जाती म्हणजे न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला, व्हाईट जायंट, ग्रे जायंट आणि ह्यांचे संकर. पूर्ण वाढलेला ससा चार ते पाच किलोचा होतो. मादी साडेपाच-सहा महिन्यांची आणि निदान तीन किलोची झाल्याशिवाय भरवू नये, म्हणजे नराकडे नेऊ नये. चार महिन्यांची मादीही गाभण राहू शकते, पण तिची स्वतःचीच वाढ चाललेली असते. पिल्लं लहान जन्मतात, दूध कमी पडतं, कधी पिल्लू अडकतं. उलट वर्षभर न भरवलेली मादीही पहिल्या वेताला त्रास देते, कारण तोवर पोटात चरबी साठते. नर सहा-सात महिन्यांचा असावा. सुरुवातीला एक नर आणि दोन माद्या पुरेत. एकाच वेतातले भाऊ-बहीण जोडी म्हणून विकत घेऊ नका. बाजारात एकाच टोपलीतली जोडी हातात देतात. तसं न करता नर एका ठिकाणचा आणि माद्या दुसऱ्या ठिकाणच्या घ्या.

दोन माद्या एकाच दिवशी भरवा, हा ह्या लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला समजा. एकीला अकरा पिल्लं झाली आणि दुसरीला चार, तर वाटून देता येतात. एखादी मादी आटली किंवा मेली तर दुसरी पिल्लं सांभाळते. एकच मादी असेल तर संकटाच्या वेळी हातात काहीच उरत नाही.

वेळ दिवाळीनंतरची. बेळगाव शहर आणि आसपासची गावं उंचावर असल्यानं थोडी थंड, पण एप्रिल-मे महिन्यांत निपाणी, चिकोडी, अथणीकडे पारा चाळिशीकडे जातो. सशाला मानवणारं तापमान साधारण 15 ते 25 अंश. तीस अंशांच्या वर सलग राहिलं तर नराचं बीज कमजोर होतं, आणि गारवा आल्यावरही ते सुधारायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून जूनमध्ये पाऊस पडला, हवा गार झाली, तरी मादी लागत नाही, म्हणजे गाभण राहत नाही, आणि दोष मादीला दिला जातो. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर भागात, दुसरी अडचण येते: महिनाभर काहीच वाळत नाही. ओलं गवत, बुरशी धरलेला खुराक आणि ओलसर पेटी ही पिल्लांच्या मरणाची तीन मोठी कारणं. पहिल्या वेताला ह्या दोन्ही ऋतूंची परीक्षा नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात पहिलं वेत घ्या.

पिंजरा आणि पेटी

मादीचा पिंजरा तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच असावा, म्हणजे पेटी ठेवूनही तिला फिरायला जागा राहते. तळाला जाड तारेची वेल्डमेश जाळी, अर्धा इंच बाय एक इंच भोकांची, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि पाय अडकत नाही. बाजूची जाळी मोठ्या भोकांची असेल तर खालच्या चार-पाच इंचांना बारीक जाळी जोडून घ्या. दहा दिवसांचं पिल्लू दोन इंची भोकातून सहज खाली पडतं. जाळीवर एका बाजूला फूटभर फळी ठेवावी, नाहीतर जड माद्यांच्या मागच्या तळव्यांना जखमा होतात.

पेटी लाकडाची करावी. पत्र्याची थंडीत गारठते, उन्हात तापते आणि आत पाणी सुटतं. पेटीची लांबी दीड फूट, रुंदी एक फूट, उंची एक फूट. पुढच्या बाजूची फळी सहा इंचच ठेवायची, म्हणजे मादी आत उडी मारेल पण पिल्लं बाहेर येणार नाहीत. त्या फळीची वरची कड घासून गोल करा. मादीची आचळं त्यावर घासतात. तळाला बोटाच्या टोकाएवढी आठ-दहा भोकं पाडा. पेटी फार मोठी केली तर मादी तिथंच बसते, मुततेसुद्धा, आणि सगळं ओलं होतं.

आत खाली दोन इंच लाकडाचा भुसा, त्यावर कोरडं मऊ गवत किंवा भाताचं पिंजर (पेंढा) भरपूर दाबून भरायचं आणि मधे मुठीनं खळगा करायचा. पिंजराचे धारदार तुकडे आणि धूळ झटकून घ्या. तळाला नुसतं वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत प्लास्टिक नको; त्यावर पिल्लांचे पाय घसरतात आणि मागचे पाय बाजूला फाकून कायमचे अधू होतात. नारळाच्या काथ्याचे लांब धागे आणि चिंध्या अजिबात घालू नका, धागा पायाला किंवा मानेला आवळतो. निपाणी भागात तंबाखूची काडी आणि भुकटी सहज मिळते, कीड येत नाही म्हणून ती गोठ्यात टाकणारेही आहेत. सशाच्या पेटीत किंवा पिंजऱ्याखाली ती टाकू नका. त्यातलं निकोटिन सशाला विष आहे, आणि मादी पेटीतलं गवत तोंडानं उचलून रचते, चघळतेही.

मुंग्या, उंदीर, मांजर आणि मुंगूस ह्यांचा बंदोबस्त मादी भरवण्याआधी करायचा. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पिंजरा भिंतीला टेकू देऊ नका. पिल्लांच्या अंगाला दुधाचा वास असतो. एक रात्र मुंग्यांची रांग लागली तर सकाळी काही उरत नाही.

भरवणं आणि तारखांचा हिशेब

गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज सशिणीला नसतो. तिच्या अंडाशयातून अंडं सुटतं ते नर लागल्यावरच, साधारण दहा ते तेरा तासांनी. तरी काही दिवस ती नर घ्यायला तयार असते, काही दिवस नसते. मादीला उताणं धरून जननांग बघा: फिकट गुलाबी आणि कोरडं असेल तर ती बहुधा नर घेणार नाही; लालसर, थोडं सुजलेलं आणि ओलसर असेल तर वेळ योग्य. गडद जांभळं दिसलं तर वेळ सरत आली.

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. नराला मादीकडे कधीच न्यायचं नाही. मादीला आपली जागा राखायची सवय असते, ती नराला चावते, कधी अंडकोष फाडते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गारव्यात सोडा आणि तिथंच उभं राहा. काम झालं की नर एकदम मागे किंवा कुशीवर कोसळतो, कधी बारीक ओरडतो. घाबरायचं कारण नाही. पाच मिनिटांत काही झालं नाही तर मादी काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्या. रात्रभर दोघांना एकत्र ठेवलं तर मारामारी होते आणि तारीखही कळत नाही. पहिल्या वेळेनंतर सहा-आठ तासांनी पुन्हा एकदा भरवलं तर पिल्लं राहण्याची शक्यता वाढते.

तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथंच लिहा. सशाचा गाभणकाळ 28 ते 32 दिवसांचा, बहुतेक माद्या 31 व्या दिवशी वितात. 5 नोव्हेंबरला भरवली असेल तर 17 ते 19 नोव्हेंबरला पोट चाचपून बघायचं, 3 डिसेंबरला पेटी ठेवायची, 6 डिसेंबरला पिल्लांची वाट बघायची.

पोट चाचपणं हाताला शिकावं लागतं. मादीला सपाट जागेवर, खाली गोणपाट टाकून, तिचं डोकं आपल्याकडे करून उभी ठेवा. एक हात मानेवरच्या कातडीवर. दुसरा हात पोटाखालून मागच्या पायांच्या पुढे न्या आणि अंगठा व बोटांमधून पोट हलकेच सरकू द्या. बाराव्या-चौदाव्या दिवशी करवंदाएवढ्या मऊ गाठी निसटताना लागतात. लेंड्या कणखर आणि बारीक असतात, त्या वेगळ्या कळतात. दाबायचं मात्र नाही. हात बसला नसेल तर चाचपू नका. 28 व्या दिवशी सरळ पेटी ठेवून द्या.

कधी मादी सोळाव्या ते अठराव्या दिवशीच केस उपटून घरटं करायला लागते. हा खोटा गाभ असतो. अंडं सुटलं पण फळलं नाही, की असं होतं. नराचं बीज कमजोर असलं किंवा माद्या एकत्र ठेवल्या आणि एक दुसरीवर चढली, तरी होतं. पेटी काढून घ्या आणि मादी पुन्हा भरवा. त्या दिवसांत ती बहुधा लागते.

गाभण आणि दुधाळ मादीचं खाणं

दहा किलो खुराक घरी करायचा तर मक्याचा भरडा 3 किलो, गव्हाचा कोंडा 4 किलो, सोयाबीन पेंड दीड किलो, तुरीची किंवा हरभऱ्याची चुणी 1 किलो 300 ग्रॅम, खनिज मिश्रण 150 ग्रॅम आणि मीठ 50 ग्रॅम. ह्यात साधारण सतरा टक्के प्रथिनं पडतात. शेंगपेंड वापरणारे पुष्कळ आहेत, पण आपल्या पावसाळी हवेत तिला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष सशाच्या यकृतावर जातं. म्हणून सोयाबीन पेंड बरी. एका वेळी पंधरा दिवसांपुरताच खुराक करा.

रिकाम्या मादीला रोज 100 ग्रॅम, गाभणपणाच्या शेवटच्या दहा दिवसांत 150 ग्रॅम. व्यायच्या आदल्या दिवसापासून दोन-तीन दिवस थोडा कमी, आणि नंतर रोज थोडा थोडा वाढवत तिसऱ्या आठवड्यापर्यंत 200 ते 250 ग्रॅम. दूध सगळ्यात जास्त तिसऱ्या आठवड्यात येतं, त्यामुळे तेव्हा हात आखडला तर मादी हाडकुळी होते.

खुराकापेक्षा चारा महत्त्वाचा. सशाचं आतडं तंतूंवर चालतं. नुसत्या भरड्यावर ठेवलेला ससा हगवणीनं मरतो. वाळलेलं गवत कायम समोर असावं. हिरव्यात लसूणघास, दशरथ घास, शेवरी, शेवग्याचा पाला उत्तम, पण कापून दोन-तीन तास सावलीत सुकवून द्यायचा. दव पडलेला, ओला, ढीग करून तापलेला चारा देऊ नका. सुबाभूळ थोडी चालते, तिच्यावरच ठेवलं तर केस गळतात. उसाचं वाडं पोटाला आधार देतं, दुधाला पुरत नाही. कडोली, उचगाव पट्ट्यात बटाटा काढल्यावर वेलाचे ढीग बांधावर पडलेले असतात. ते सशाला घालू नका, बटाट्याचा पाला आणि कोंब विषारी आहेत. तसंच घाणेरी, धोत्रा, रुई, कण्हेर. फवारलेल्या कोबी-फ्लॉवरचा पाला देण्यापेक्षा नुसतं वाळलेलं गवत परवडलं.

पाणी चोवीस तास हवं. पिल्लांची आई दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते. विताना पाणी संपलेलं असेल तर तहानलेली मादी वार खाता खाता पिल्लालाही तोंड लावते. पिल्लं खाल्ल्याच्या तक्रारीत हे कारण वारंवार निघतं.

व्यायची रात्र

28 व्या दिवशी पेटी ठेवली की मादी तोंडात गवत घेऊन फिरते, मग छातीवरचे, पोटावरचे केस उपटून आत अंथरते. काही माद्या हे दोन दिवस आधी करतात, काही अगदी वितानाच. त्यामुळे केस दिसले नाहीत म्हणून गाभण नाही असं ठरवू नका. उपटलेल्या केसांचा एक मूठभर गोळा स्वच्छ पिशवीत बाजूला काढून ठेवा, पुढे लागतो.

विणं बहुतेक रात्री किंवा पहाटे, आणि दहा मिनिटं ते अर्ध्या तासात उरकतं. दिवा लावून बघत बसू नका, कुत्र्याला जवळ येऊ देऊ नका, शेजारच्या पोरांना दाखवायला आणू नका. पहिलटकरीण घाबरली की पिल्लांवर उड्या मारते, तुडवते, क्वचित खाते. सहा ते आठ पिल्लं ही चांगली वीण. पहिल्या वेताला चार-पाच झाली तरी वाईट नाही. 32 दिवस उलटले, मादी खात नाही, कण्हते किंवा रक्त जातंय असं दिसलं तर वाट न बघता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

सकाळी मादीला मूठभर लसूणघास टाका, ती खाण्यात गुंतली की पेटी बाहेर काढा. हात साबणानं धुऊन कोरडे करा आणि त्याच मादीच्या गवतावर, केसांवर चोळा. माणसाच्या हाताचा वास लागला की सशीण पिल्लं टाकते, असं सर्रास सांगतात. रोज माणसाळलेली सशीण एवढ्यानं पिल्लं टाकत नाही. पण वासाच्या साबणाचा, अत्तराचा, कुत्र्या-मांजराचा उग्र वास नको. पिल्लं मोजा. मेलेली, रक्तानं भिजलेलं गवत आणि वारेचे तुकडे काढून टाका. जिवंत पिल्लं साधारण 40 ते 60 ग्रॅमची असतात. मग पुन्हा केस पांघरून पेटी जागेवर ठेवा. मादीनं केस कमी उपटले असतील तर तिला धरून पोटावरचे केस हलक्या हातानं ओढा. त्या दिवसांत ते सैल झालेले असतात आणि आचळंही मोकळी होतात.

पहिले दहा दिवस

रोज एकदा, शक्यतो सकाळी, पेटी बघायची. भरलेल्या पिल्लाचं पोट गोल आणि ताणलेलं असतं, पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतं. उपाशी पिल्लाचं पोट आत गेलेलं, कातडी सुरकुतलेली, आणि हात लावला की ते तोंड वर करून धडपडतं. पहिल्या दिवशी सकाळी पोट रिकामं दिसलं तरी घाबरू नका. चांगल्या वजनाची जन्मलेली पिल्लं चोवीस तास निभावून नेतात. दुसऱ्या सकाळीही सगळीच रिकामी असतील, तर मादीला उचलून पेटीत पिल्लांवर उभी धरा, पाच मिनिटं, डोक्यावरून हात फिरवत. दिवसातून एकदा, रोज एकाच वेळी. बहुतेक पहिलटकरणी तीन-चार दिवसांत स्वतःहून पाजायला लागतात.

मादीला आचळं आठ, फार तर दहा. प्रत्येक पिल्लू त्या तीन-चार मिनिटांत मिळेल ते ओढतं, त्यामुळे आठांच्या वर पिल्लं झाली की बारीक पिल्लू रोज मागे पडतं. जादाची पिल्लं दुसऱ्या मादीखाली द्यायची. वयात तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नको. द्यायचं पिल्लू तिच्या पेटीतल्या केसांत घोळवून मधे ठेवा, तासभर पेटी बाहेरच राहू द्या आणि मग आत सरकवा. मऊ, बारीक पिल्लू देण्यापेक्षा मोठं, जोरकस पिल्लू दुसरीकडे द्या आणि बारक्याला आईकडे ठेवा.

पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. केसांच्या आत हात घातला की चांगली ऊब लागली पाहिजे. पिल्लं गारठ्यानं एकमेकांत घट्ट घुसलेली असतील तर साठवलेले केस घाला. लालबुंद होऊन पसरलेली, धापा टाकत असतील तर केस कमी करा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पेटीवर गोणपाट टाका, पण पुढचं तोंड मोकळं राहू द्या.

पिल्लू आचळाला लोंबकळत पेटीबाहेर येऊन जाळीवर पडतं, हे नेहमीचं. मांजरासारखं तोंडात धरून त्याला परत नेणं सशिणीला जमत नाही. ते तिथंच गारठतं. निळसर, थंड, निपचित पिल्लू मेलंय असं ठरवून फेकू नका. मुठीत धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा. अर्ध्या तासात पुष्कळदा हालचाल सुरू होते. पूर्ण गरम होईपर्यंत दूध तोंडाला लावायचं नाही. थंड पोटात दूध पचत नाही आणि गिळताही येत नाही, ते फुफ्फुसात जातं.

मांजर-उंदरांचा फारच त्रास असेल तर पेटी रात्री घरात घ्या आणि रोज पहाटे ठरल्या वेळी वीस मिनिटं मादीकडे ठेवा. ती दिवसातून एकदाच पाजत असल्यामुळे ही पद्धत चांगली चालते, आणि पाजल्यानंतर लगेच पोटं बघता येतात.

आई मेली आणि दुसरी मादी नाही, असं झालं तर हातानं पाजायचं, पण त्यात निम्मी पिल्लं वाचली तरी पुष्कळ समजा. दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी हा बरा पर्याय, ती नाही मिळाली तर शेळीचं दूध. पहिल्या दिवसांत एका वेळी दोन-अडीच मिली, आठवड्याच्या पिल्लाला सहा-सात, दोन आठवड्यांच्या पिल्लाला बारा-तेरा मिली, दिवसातून दोनदा. पिल्लू उताणं धरायचं नाही, पोटावर, डोकं थोडं वर. थेंब थेंब. पाजल्यावर कोमट ओल्या कापसानं पोट आणि शेपटीखालचा भाग हळू पुसा, म्हणजे लघवी होते. डोळे उघडेपर्यंत हे करावं लागतं.

ह्या दिवसांत मादीच्या आचळांना एक दिवसाआड हात लावून बघा. गरम, कडक, लाल किंवा निळसर गाठ लागली, मादी पाजताना पळते, खाणं सोडते, तर कासदाह झालाय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या मादीची पिल्लं दुसरीखाली देऊ नका, रोग तिलाही लागतो. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा की जनावर ससा आहे. गाई-म्हशींना दिली जाणारी काही प्रतिजैविकं, पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन तोंडावाटे, लिंकोमायसिन कशीही, सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून त्याचाच जीव घेतात. घरात उरलेली गोळी फोडून देणं तर नकोच.

डोळे उघडल्यापासून तोडेपर्यंत

चौथ्या-पाचव्या दिवशी अंगावर लव दिसते, आठवड्यात वजन दुप्पट होतं, दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्या दिवसानंतरही डोळा चिकटलेला असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, चिपड मऊ होईपर्यंत धरा आणि हळूच पापणी सुटी करा. तसाच ठेवला तर आत पू होऊन डोळा जातो. एकाहून जास्त पिल्लांना हे झालं, तर पेटी मुतानं घाण झाली आहे असं समजून सगळं गवत बदला. केस मात्र कोरडे असतील ते परत वापरा.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर येतात आणि आईच्या भांड्यातलं चाखायला लागतात. तेव्हा वाळलेलं मऊ गवत आणि थोडा खुराक उथळ भांड्यात द्या. हिरवा पाला लगेच भरपूर घालू नका. चिमटीनं सुरुवात करून आठवड्याभरात वाढवा. पाण्याचं भांडंही उथळ ठेवा. विसाव्या दिवसाच्या सुमारास पेटी काढून टाका, नाहीतर ती हगणदारी होते.

पिल्लं पाचव्या-सहाव्या आठवड्यात आईपासून तोडावीत. चार आठवड्यांतही तोडता येतात, पण पहिल्या वेळी घाई नको. पिल्लांना नव्या पिंजऱ्यात हलवण्यापेक्षा आईलाच दुसरीकडे न्या. पिल्लांचं दूध आणि जागा दोन्ही एकदम सुटलं की ती खाणं टाकतात. आईचा खुराक दोन दिवस निम्मा करा, म्हणजे दूध आटतं.

तोडल्यानंतरच्या महिनाभरात सगळ्यात जास्त पिल्लं जातात ती कॉक्सिडिओसिसनं, म्हणजे सूक्ष्म परजीवींच्या रोगानं. पोट फुगतं, पातळ हगवण लागते, पाठीचा कणा हाताला लागतो, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. ह्या रोगाची बीजं लेंडीतून बाहेर पडतात आणि ओलाव्यात एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. म्हणून रोज झाडलं, जाळी कोरडी ठेवली, भांड्यात लेंड्या पडू दिल्या नाहीत, तर औषधाआधीच निम्मं काम होतं. एका पिल्लाला हगवण लागली की ते वेगळं करा, हिरवा चारा बंद करून वाळलेल्या गवतावर ठेवा आणि लेंडी तपासायला दवाखान्यात घेऊन जा. पहाटे ससा स्वतःच्या गुदद्वारातून मऊ, घोसासारख्या लेंड्या खाताना दिसतो; ती हगवण नव्हे. त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात.

कानात खपली, नाकावर पांढरी साय, पंजे खाजवणं दिसलं तर खरूज. ती माणसालाही लागते, हातमोजे घाला. इंजेक्शनची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच द्यावी.

पिल्लं तोडतानाच नर-मादी ओळखा. जननांगावर दोन बोटांनी हलका दाब दिला की नरात गोल नळीसारखं टोक वर येतं, मादीत लांबट चीर दिसते. सहा आठवड्यांचं पिल्लू असलं की हे नीट कळतं. तीन महिन्यांच्या आत नर आणि माद्या वेगळ्या करा. आई व्यायल्याच्या दिवसापासूनच पुन्हा लागू शकते, म्हणून नर तिच्या पिंजऱ्यात कधीच नको. पहिल्या वेतानंतर पिल्लं तोडून पंधरा दिवस तिला अंग धरू द्या, वजन पुन्हा भरतीला आलं की मगच भरवा. असं केलं तर वर्षाला चार वेतं आरामात होतात. तिची दोन वेतं लागोपाठ बिघडली, पिल्लं तुडवली किंवा पाजली नाहीत, तर तिसऱ्यांदा भरवू नका, आणि तिच्या मुलींनाही पुढच्या पैदाशीसाठी ठेवू नका.